दारापुढच्या रस्त्याचे मालक कसे व्हावे

अमेरिकेत विद्यापीठाला खेटून असलेल्या वस्तीत घर घेतलंत, अभिनंदन! दाट झाडी, चालत जाता येईल असं वाचनालय, शेजारी दोन प्राध्यापक, आणि घराची किंमत खाली यायचं नाव घेत नाही. हे सगळं ज्या विद्यापीठामुळे मिळालं त्याच्याबद्दल मनात कृतज्ञता दाटून आली असेल, तर ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच काय ती वापरून घ्या. सुट्टी संपली की तुमच्या दारापुढे एक पोचे आलेली, परराज्यातल्या नंबरची गाडी येऊन उभी राहील. तिच्यातून एक पोरगं उतरेल, पाठीवर सॅक टाकेल आणि तुमच्याकडे ढुंकूनही न बघता वर्गाकडे चालू लागेल. खरे रहिवासी तुम्ही त्या क्षणी होता.

आता 'माझी जागा' म्हणायला शिका. घराच्या कागदपत्रांत ती शोधू नका, सापडणार नाही. दारापुढचं डांबर शहराचं आहे, त्यामुळे 'बापाचा रस्ता आहे का?' हा प्रश्न त्या पोराला विचारू नये. त्याचा बापही कर भरतो. पण वहिवाट नावाची एक चीज असते. रोज संध्याकाळी त्याच झाडाखाली गाडी लावत गेलात की काही वर्षांनी शेजारीही ती जागा तुमची म्हणू लागतात. बदल्यात तुम्ही त्यांची जागा त्यांची म्हणायची. सगळा मामला असा एकमेकांच्या तोंडी शब्दावर चालतो, आणि तो शब्द त्या पोराला कोणी दिलेला नसतो, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

तोंडी शब्दावर सरकारी शिक्का हवा असेल तर रहिवाशांसाठीचा पार्किंग परवाना काढा. त्याचा इतिहास पाठ करून ठेवा, वस्तीच्या सभेत चार माणसं गप्प बसतात. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये, क्रिस्टल सिटी भागातल्या कचेऱ्यांत कामाला येणारे लोक शेजारच्या वस्तीत गाड्या लावून जात. काउंटीच्या प्रशासनाने नियम केला: कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ इथं गाडी लावायची तर परवाना हवा, नाहीतर ५० डॉलरपर्यंत दंड. परवाना रहिवाशांना, त्यांच्याकडे कामासाठी येणाऱ्यांना आणि काही पाहुण्यांना, आणि तोही फुकट. बाहेरचे लोक कोर्टात गेले. रस्ता सगळ्यांचा, मग हा आपपरभाव कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाला पटलं, पण १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. हवेचं प्रदूषण आणि गोंगाट आटोक्यात राहावा, वस्तीत सुखाने राहता यावं, या हेतूने रहिवासी आणि बाहेरचे असा फरक करायला राज्यघटनेची आडकाठी नाही, असा निकाल लागला.

या निकालातून घ्यायचं ते एवढंच, की 'मला गाडी दारात हवी' असं कधीही उघडपणे म्हणू नका. 'वस्तीचं पर्यावरण' म्हणा. 'मुलांची सुरक्षितता' म्हणा. तुमच्या मुलांची, अर्थात. सॅकवालं ते पोरगंही कोणाचं तरी मूल आहे, हा मुद्दा त्या ठिकाणी गैरलागू समजावा.

परवान्यासाठी घराच्या पत्त्याचा पुरावा आणि त्याच पत्त्यावर नोंदलेली गाडी लागते. यातली खुबी नीट समजून घ्या. बोस्टनमध्ये गाडीची नोंदणी मॅसॅच्युसेट्सची आणि शहरातल्या पत्त्यावरची असावी लागते. आता समजा, तुमच्याच गल्लीत तिघं विद्यार्थी मिळून एक मजला भाड्याने घेऊन राहतात. भाडं वेळेवर देतात, बर्फ पडला की म्हाताऱ्या मालकिणीच्या पायऱ्याही साफ करतात. पण गाडी न्यू जर्सीत, आईच्या नावावर. झाले परके! तुम्ही मात्र सहा महिने फ्लोरिडात राहून आलात तरी रहिवासी, कारण तुमचा कागद इथला आहे. अनेक शहरं तर वसतिगृहाचा पत्ता दिसला की अर्ज बाजूला ठेवतात. माणूस कुठे झोपतो याच्याशी 'रहिवासी' असण्याचा फार संबंध जोडू नये, हे एव्हाना लक्षात आलं असेलच.

स्टिकर हातात पडलं की ते बंपरवर मागच्या वर्षीच्या स्टिकरशेजारी चिकटवा. जुनी काढू नका. अशा सात-आठ रंगीत पट्ट्या ओळीने दिसल्या की नवख्याला तुमची ज्येष्ठता कळते. मग गाडी घेऊन गल्लीत या आणि बघा: एकही जागा रिकामी नाही, आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर तुमच्यासारखंच स्टिकर. कारण परवाना म्हणजे जागा नव्हे. तो जागा शोधत फिरण्याचा परवाना आहे. बोस्टनने हे परवाने वर्षानुवर्षं फुकट आणि मागाल तितके दिले. रस्ता मात्र होता तेवढाच राहिला. घरटी तीन गाड्या असतील तर गल्ली भरायला विद्यार्थ्यांची गरजच काय? तरीही दोष विद्यार्थ्यांनाच द्यावा. शेजाऱ्याशी रोज गाठ पडते, त्याच्याशी वाकडं घेऊन कसं चालेल?

जागा सापडली तर ती राखण्याचीही कला आहे. दोन ड्राइव्हवेंच्या मध्ये साधारण दोन गाड्यांची जागा असते. तिथं तुमची गाडी बरोबर मधोमध लावा, अशी की पुढे अर्धी गाडी मावेल आणि मागे अर्धी. रात्री घरातली दुसरी गाडी आली की पहिली हळूच पुढे सरकवायची. दिवसभर ती जागा बघत तीनदा वळसा घालून गेलेला माणूस शिव्या देतो, पण त्याच्याकडे कायद्याचं कलम नसतं. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शहरांत एकाच जागी सलग ७२ तासांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही, तिथं तिसऱ्या दिवशी पायजम्यावरच खाली उतरून गाडी दोन हात पुढे घ्यावी. नियमाला हे मंजूर आहे की नाही, या खोलात शिरू नये. बोस्टनमध्ये बर्फ पडला तर आणखी सोय आहे: फावड्याने जागा मोकळी केलीत की तिथं खुर्ची, शंकू, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून ती अडवता येते, आणि बर्फाची आणीबाणी संपल्यावर ४८ तासांपर्यंत शहर त्याकडे कानाडोळा करतं. मोडकी खुर्ची फेकून देऊ नका, म्हणतात ते उगाच नाही.

पाहुण्यांच्या गाडीसाठी रहिवाशांना मिळणाऱ्या पासाचं काय करायचं, हे तुमच्या विवेकावर सोडतो. पाहुणे वर्षातून एकदा येतात, पास मात्र वर्षभर चालू शकतो. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी वेळ येते तेव्हा पास नेमका सापडत नाही, कारण तो एव्हाना कोणा विद्यार्थ्याच्या गाडीत आरशाला लटकत असतो. पास असा विकणं बेकायदा आहे हे मी सांगायला हवंच, म्हणून सांगितलं. त्यापेक्षा सभ्य उपाय म्हणजे स्वतःचा ड्राइव्हवे सत्रावर भाड्याने देणं. विद्यार्थी तुमच्या आवारात गाडी लावतो आणि रोख मोजतो. तुमची गाडी परवान्यावर रस्त्यात उभी राहते. खासगी जागेचं भाडं तुम्हाला, सार्वजनिक जागा फुकटात, वर सभेत विद्यार्थ्यांनी गल्ली कशी व्यापली याचं रडगाणं. एवढा किफायतशीर धंदा शिकवणारा अभ्यासक्रम समोरच्या विद्यापीठातही नसेल.

ज्या गल्ल्यांत परवाना नसलेल्यांना दोन तास मुभा असते, तिथं महापालिकेचा माणूस टायरवर खडूची रेघ मारून जातो. दोन तासांनी रेघ तशीच दिसली की पावती. तुम्ही गॅलरीतून त्याला खुणा करून मदत करू शकता, पण जपून. मिशिगनमधल्या सॅगिनॉ शहरात एकाच कर्मचाऱ्याने १५ पावत्या फाडल्या म्हणून एक बाई थेट संघराज्याच्या न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये अपिलात ठरलं की टायरवर खडू लावणं ही घटनेच्या अर्थाने झडती आहे. २०२२ मध्ये सॅन डिएगोच्या प्रकरणात वेगळ्याच एका अपील न्यायालयाने सांगितलं, असेल झडती, पण चालते. तेव्हा खडूच्या रेघेने तुमच्या मूलभूत हक्कांवर गदा येते की नाही, हे तुम्ही कोणत्या राज्यात राहता त्यावर आहे. अलीकडे बरीच शहरं कॅमेऱ्याने नंबर टिपतात, त्यामुळे हा वाद मिटला असं समजायला हरकत नाही. कॅमेरा टायरला हात लावत नाही.

विद्यापीठाकडून काही अपेक्षा ठेवू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले क्लार्क केर गमतीने म्हणत, की विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या समान तक्रारीने एकत्र बांधलेले, एरवी आपापल्या वाटेने जाणारे प्राध्यापक. त्यांच्याच बर्कलीत नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांसाठी आवारात राखीव जागा असतात, पाटीवर तसं लिहिलेलं असतं. विश्वाच्या उत्पत्तीविषयी काही शोधून काढावं तेव्हा कुठे एक गाडी लावता येते. तुम्ही नुसतं घर घेतलंत आणि दारातला रस्ता मिळवलात. मनातल्या मनात थोडं मोठेपण घ्यायला हरकत नाही.

कधीतरी कोणी आगाऊ माणूस विचारेल, 'पण तुम्हाला गॅरेज आहे ना?' हा प्रश्न हसण्यावारी न्या. गॅरेजात काय आहे हे तुम्हालाही नीट आठवत नसतं: नाताळचं प्लास्टिकचं झाड, धाकटीची तीनचाकी, व्यायामाचं यंत्र, आणि मागच्या घरातून आणलेली, अजून न उघडलेली खोकी. यात तुम्ही एकटे नाही. लॉस एंजेलिसमधल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात शिरून संशोधकांनी त्यांच्या वस्तूंची मोजदाद केली, तेव्हा चारातल्या तीन गॅरेजांत गाडीला जागाच नव्हती. म्हणजे खोक्यांना छप्पर आणि गाडीला आभाळ, आणि त्या आभाळाखालच्या जागेसाठी तुम्ही एकोणीस वर्षांच्या पोराशी भांडताय. हे संशोधनही विद्यापीठातल्याच लोकांचं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या. तिथलेच नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप आयुष्यभर हिशेब मांडत राहिले, की गाडी ९५ टक्के वेळ नुसती उभी असते आणि फुकट पार्किंग कोणालाच फुकट पडत नाही. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचे शिष्य मात्र शहरोशहरी पालिकेत बसले आहेत, त्यांच्यापासून सावध राहा.

यातलाच एखादा शिष्य परवान्याच्या सुनावणीला येईल. म्हणेल, कोलोराडोतल्या बोल्डरने वस्तीच्या गल्ल्यांत बाहेरच्यांनाही मोजके परवाने विकले, आपणही विकू. म्हणेल, ऑस्टिनमध्ये विद्यापीठाजवळ मीटर बसवले आणि त्यातला काही पैसा त्याच भागाच्या फूटपाथांवर खर्च केला, तसं करू. त्याचं बोलणं वाजवी वाटू लागेल, शेजारच्या बाई माना डोलावू लागतील. लगेच उठा. फूटपाथांचं मनापासून स्वागत करा, ते किती वर्षं रखडलेत ते सांगा, आणि मीटरला मात्र वस्तीच्या पर्यावरणासाठी कडाडून विरोध करा. परवान्याची फी वाढवायचा विषय निघाला तर निवृत्त लोकांची आठवण काढा; गल्लीत तीन गाड्या असलेला निवृत्त माणूस कोण, हे कोणी विचारत नाही.

सुनावणी सात वाजता असेल तर घरातून सहालाच निघा. सभागृहाच्या आसपासच्या सगळ्या गल्ल्या परवान्याच्या आहेत, पण तो विभाग वेगळा. तुमच्या बंपरवरच्या आठही पट्ट्या तिथं चालत नाहीत.