आर्नल्ड शुल्ट्झ कुठे गेला?

अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) कोळसा आणि तिथली अंगठ्याने ठेका धरून गिटार वाजवायची शैली तुम्ही एकत्र मांडलीत, लेख आवडला. पण त्या वादनाचा उगमच गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस (जन्म १९१७) असा लेखात सूर लागलाय, तो खटकला. ट्रॅव्हिस शिकला मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांचं बघून, दोघेही खाणीत राबलेले. त्यांच्याही मागे जा, तर शेजारच्या ओहायो काउंटीतला कृष्णवर्णीय वादक आर्नल्ड शुल्ट्झ भेटतो. १९३१ साली गेला, एकही ध्वनिमुद्रण मागे नाही. म्हणूनच नाव गळत असावं! ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारातला बिल मन्रो पोरवयात त्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि त्याचं ऋण मोकळेपणाने मानायचा.

ही शैली ओळखायची तर अंगठ्याकडे लक्ष द्या. तो खर्जाच्या तारांवर आलटून-पालटून ठेका धरतो, थेट डग्ग्यासारखा, आणि तर्जनी वरच्या तारांवर चाल काढते. वाजवणारा एकटाच, पण दोघं बसल्यासारखं वाटतं.

आणि हो, म्यूलनबर्गमधलं पॅरडाइझ गाव 'ओस पडलं' असं लेखात लिहिलंय. ओस पडलं नाही, १९६७ मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी वीजसंस्थेने ते पाडलं. शेजारीच त्यांचं कोळशावरचं वीजकेंद्र होतं.