पूजेइतकाच हिशेबही नेमाचा

2025 साली अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने भाषणे झाली, फलक लागले आणि बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसले: पांढरे लुगडे, डोक्यावर पदर, हातात शिवपिंडी. ते चित्र खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र त्याच्या आधाराने आपण एक सोयीस्कर कथा रचतो. दैवाने घरातली एकेक माणसे नेली, म्हणून ही बाई देवाकडे वळली आणि उरलेले आयुष्य तिने दानधर्मात घालवले, अशी ती कथा आहे. मला ती अपुरी वाटते, कारण तिच्यात भक्ती हा दुःखावरचा उतारा ठरतो आणि राज्यकारभार हे त्या भक्तीचे जोडकाम. अहिल्याबाईंच्या आयुष्यात या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढता येत नाहीत.

चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही मुलगी मल्हाररावांची सून झाली आणि कारभाराचे शिक्षण तिला सासऱ्यांकडूनच मिळाले. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले, तेव्हा सती जाण्यापासून मल्हाररावांनीच त्यांना परावृत्त केले. याचे कारण केवळ माया होती असे मी मानत नाही. पुढे 1765 मधल्या एका पत्रात मल्हारराव याच सुनेला तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याची आणि दारूगोळ्याची तजवीज करण्याची सूचना देतात. घरात नुसती जपमाळ ओढत बसलेल्या विधवेला कोणी असले पत्र धाडत नाही. 1766 मध्ये मल्हारराव गेले आणि वर्ष उलटण्याच्या आत मुलगा मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड आणि राघोबादादा यांनी दौलत हाती घेण्याचा घाट घातला. अहिल्याबाईंनी त्याला ठाम विरोध केला आणि अखेर थोरल्या माधवराव पेशव्यांनी कौल त्यांच्या बाजूने दिला.

त्यानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांतला त्यांचा दिनक्रम जॉन मॅल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवून ठेवला आहे. 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ही माहिती येते. तो माळव्यात आला तेव्हा अहिल्याबाई हयात नव्हत्या. त्याने त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारले आणि स्तुतीत अतिशयोक्ती असेल या शंकेने विरोधी गोटातल्यांकडूनही खातरजमा करून घेतली. पहाटे सूर्योदयाच्या आधी उठून पूजाअर्चा, ग्रंथश्रवण, दानधर्म, मग साधे शाकाहारी जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो साधारण सहापर्यंत. पुन्हा पूजा आणि अल्पाहार. आणि रात्री नऊनंतर अकरापर्यंत परत कामकाज. व्रते आणि सण सोडले तर यात फारसा खंड नसे. हे वाचताना मला जाणवते ते असे, की पूजेची वेळ कामातून चोरलेली नाही आणि कामाची वेळ पूजेतून चोरलेली नाही. एका बाजूला ईश्वरासमोर आणि दुसऱ्या बाजूला रयतेसमोर बसणारी व्यक्ती एकच आहे आणि दोन्हीकडे तिची शिस्तही तीच आहे.

पैशाच्या बाबतीत तर ही शिस्त अधिकच ठळक दिसते. होळकरांच्या उत्पन्नात दौलत आणि खासगी असे दोन वेगळे विभाग होते. दौलत म्हणजे राज्याचा महसूल; खासगी म्हणजे होळकर घराण्यातल्या स्त्रियांच्या स्वतंत्र मालकीचे उत्पन्न. काशी विश्वनाथाचे आज उभे असलेले मंदिर, 1783 मधले सोमनाथाचे मंदिर, गयेचे विष्णुपद, शिवाय द्वारकेपासून जगन्नाथपुरीपर्यंत आणि बदरीनाथापासून रामेश्वरापर्यंतची धर्मकार्ये यांच्यासाठी अहिल्याबाईंनी या खासगीतून खर्च केला. यांतली बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्याबाहेरची होती, म्हणजे तिथला यात्रेकरू त्यांची प्रजा नव्हता आणि त्याच्याकडून कर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या श्रद्धेचा खर्च आपल्या पदरातून करायचा, हा भेद आज किती जणांना पाळता येतो, हे वाचकांनीच ठरवावे. (त्यांची स्तुती करणारा ग्रंथ एका विद्वानाने लिहून आणला, तेव्हा तो त्यांनी नर्मदेत टाकायला लावला, असेही मॅल्कम सांगतो. त्रिशताब्दीच्या फलकांचे त्यांनी काय केले असते, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.)

कुटुंबाच्या बाबतीतही त्यांची निष्ठा आंधळी नव्हती. फौजेचा कारभार त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपवला होता आणि तुकोजी वयाने मोठे असूनही त्यांना मातोश्री मानत. तरीही इंदूरमधला एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला आणि त्याच्या संपत्तीवर तुकोजींची नजर गेली, तेव्हा त्याची विधवा अहिल्याबाईंच्या राजधानीत, महेश्वरला, येऊन दाद मागू शकली. अहिल्याबाईंनी तिची मालमत्ता तिच्याकडेच राहू दिली आणि तुकोजींना इंदूरपासून तळ हलवण्याचा हुकूम दिला. घरच्या माणसाची बाजू घेणे हेच ज्यांना कुटुंबप्रेम वाटते, त्यांना हा प्रसंग अडचणीचा वाटेल.

मला मात्र सर्वांत अडचणीचा वाटतो तो 1791 चा प्रसंग. आधी नातू गेला होता, मग जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. जी स्त्री स्वतः चितेपासून मागे फिरली होती, तिने मुलीला नाना परींनी विनवले. पण मुलगी ऐकेना. अहिल्याबाई महेश्वरच्या घाटापर्यंत सोबत गेल्या, त्यांना दोघांनी धरून ठेवावे लागले आणि त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, असे मॅल्कमने लिहिले आहे. इथे त्यांचा धर्मच त्यांच्या आड आला. ज्या परंपरेवर त्यांची नितांत श्रद्धा होती, तिनेच त्यांचे शेवटचे अपत्य नेले आणि सत्ता हाती असूनही त्यांनी हुकमाने ते थांबवले नाही. यात त्यांची मर्यादा दिसते, असे मला वाटते, आणि ती मान्य केल्याने त्यांच्याविषयीचा आदर कमी होत नाही.

जयंतीच्या भाषणांत हा प्रसंग बहुधा गाळला जातो, कारण तो सांगितला की भक्तीने त्यांना शांती दिली हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही. या घटनेनंतर 13 ऑगस्ट 1795 पर्यंत, म्हणजे आणखी चार वर्षे, त्यांनी महेश्वरातून राज्य चालवले. त्या चार वर्षांत त्यांच्या मनाला शांती होती की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. कारभार त्यांनी सोडला नाही, एवढे मात्र निश्चित सांगता येते.