दादरला उतरलो आणि परळला जायला टॅक्सी मिळेना

लातूरच्या गाडीने रात्रभर प्रवास करून सकाळी दादरला उतरलो. मी, आई, एक बॅग आणि आईच्या रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. जन्मात पहिल्यांदा मुंबई बघत होतो. आईचे गुडघे गेलेत. जिन्याच्या एकेका पायरीवर ती थांबत होती, मागून लोक ‘चलो चलो’ करत धक्के देत होते. त्यांचा मला राग नाही. त्यांना लोकल गाठायची असते, ते दिसत होतं.

राग आहे तो स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांचा. अजून डोकं शांत होत नाहीये.

पूर्वेला बाहेर आलो तर समोर काळ्या-पिवळ्या टॅक्सींची रांग. म्हटलं, सुटलो. पहिल्याला ‘परळ, हॉस्पिटल’ म्हणालो तर त्याने मानसुद्धा वर केली नाही, नुसता हात हलवला. दुसरा म्हणाला, ‘जवळचं भाडं नाय घेत.’ तिसऱ्याने आईकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, ‘चारशे.’ अरे, अंतर तीनेक किलोमीटर! मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपयांनी सुरू होतो, म्हणजे साठ-सत्तर रुपयांत पोचायला हवं. मीटर टाका म्हटलं तर काच वर केली. आई तोपर्यंत फुटपाथच्या कडेला बॅगेवर बसली होती.

मी रिक्षा शोधायला लागलो. आमच्याकडे कुठेही जा, रिक्षा असते. अर्धा तास गेल्यावर एका चहावाल्याने सांगितलं की इकडे रिक्षा येतच नाहीत, त्या वांद्रे-सायनपर्यंतच. नवख्या माणसाला हे कसं कळणार? तिथे ते लिहिलेलं मला तरी कुठे दिसलं नाही. मग मोबाईलवरून गाडी बुक केली. चालकाचा फोन आला, ‘कहाँ जाना है? कॅश या ऑनलाइन?’ परळ म्हटलं की राईड कॅन्सल. असं तीनदा झालं.

भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 178. टॅक्सीचं परमिट तुम्हाला प्रवासी नेण्यासाठी दिलंय, गिऱ्हाईक निवडण्यासाठी नाही! पाच मीटरवर हवालदार उभा होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘दुसरी बघा ना, खूप आहेत.’

आणि परळला काय आहे हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. केईएम तिथे, टाटा तिथे, लहान मुलांचं वाडिया तिथे. बीड, लातूर, नांदेड, यवतमाळहून रोज माणसं दादरला उतरतात ती बरीचशी तिकडेच जायला. हातात फाईल, डोळ्यांत झोप, खिशात मोजून आणलेले पैसे. अशा माणसाचा चेहरा बघून चारशे सांगता? त्या चारशेत आमचं दोघांचं दोन वेळचं जेवण होतं. लांबच्या भाड्यात चार पैसे जास्त सुटतात हे मला कळतं, तुमचंही पोट आहे. पण मग रांगेत पहिला नंबर लावून उभं राहायचं आणि आजारी बाईला ‘जवळचं’ म्हणून हाकलायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

आई म्हणाली, ‘चालत जाऊ की रे बाबा, कशाला भांडतोस.’ हे ऐकून माझ्या पोटात जे काही झालं ते सांगता येत नाही. ती खरंच उठायला लागली होती.

शेवटी त्या चहावाल्यानेच पोराला पाठवून रस्त्यावरून जाणारी एक टॅक्सी थांबवली. म्हातारे चालक होते, एक शब्द न बोलता मीटर टाकला. एवढंच तर पाहिजे होतं. पण तोपर्यंत पावणेदोन तास गेले होते, केसपेपरची रांग हॉलबाहेर आली होती आणि आमचा नंबर दुपारी लागला.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी दिली आहे. पुन्हा दादरलाच उतरायचंय. या वेळी नाही म्हणणाऱ्या प्रत्येक टॅक्सीच्या नंबराचा फोटो काढणार आहे आणि तक्रार लिहून घेईपर्यंत हवालदारासमोरून हलणार नाही.