चारने भागून त्रिज्या? कलिंगडाला चालेल, पेपरात नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मेसेज फिरतोय: ‘गोलाची त्रिज्या दहा सेकंदांत! घनफळाला ४ ने भागा, कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. घनफळ दुप्पट झालं की त्रिज्याही दुप्पट.’

‘४ ने भागा.’ भागायचं असतं ४/३ गुणिले पायने, म्हणजे सुमारे ४.१८९ ने. भागाकार ४.७ टक्के फुगतो, पण घनमूळ घेतल्यावर त्रिज्येत ती चूक १.५ टक्क्यावर येते. अंदाजाला वाईट नाही. पेपरात मात्र गाडी अडते. घनफळ ३८८०८ घसेमी दिलं असेल, तर ४ ने भागून ९७०२ येतात आणि त्याचं घनमूळ पूर्णांकात सुटत नाही. पायला २२/७ घेतलं की भाजक ८८/२१ होतो. आधी ३८८०८ ला ८८ ने भागा: ४४१. हा २१ चा वर्ग. त्याला उरलेल्या २१ ने गुणायचं, म्हणजे २१ चा घन समोरच आला. त्रिज्या २१ सेमी. गुणाकार करून ९२६१ लिहिण्याची घाई केली, तर तेच पुन्हा फोडत बसावं लागतं. आणि प्रश्नात ३.१४ दिलं असेल तर २२/७ घुसवू नका.

‘बटण दोनदा.’ त्यानं चौथं मूळ मिळतं. ९२६१ वर करून पाहा: २१ ऐवजी ९.८१! शिवाय बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालतच नाही. घरी साध्या कॅल्क्युलेटरवर घनमूळ हवंच असेल, तर अंदाज धरा, समजा २०. ९२६१ ला २० ने गुणा, मग बटण दोनदा: २०.७५. आता ९२६१ ला २०.७५ ने गुणून पुन्हा तेच: २०.९४. दर फेरीला चूक साधारण चौथाईवर येते.

‘दुप्पट घनफळ, दुप्पट त्रिज्या.’ वाशीच्या फळबाजारात डोळ्यांनीच खोटं ठरेल. ४.२ लिटर घनफळाच्या गोल कलिंगडाची त्रिज्या १० सेमी, ८.४ लिटरच्याची १२.६. त्रिज्या दुप्पट व्हायला घनफळ आठपट लागतं.

घरी पडताळायचं तर काठोकाठ भरलेल्या बादलीत कलिंगड बुडवून सांडलेलं पाणी मोजा. ते तरंगतं, म्हणून दोन बारीक काड्यांनी दाबा. हातानं दाबलंत तर बुडालेल्या हाताचं घनफळही मोजलं जाईल. लिटरचे घसेमी करायला १००० ने गुणा. तसेच ४.२ ठेवलेत तर उत्तर १ येईल, आणि ते डेसिमीटरमध्ये असेल.