मंगेशकरांना गाणं वारशानं मिळालं, बाजारपेठ नाही

गेली काही वर्षं एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. २०२२ साली लतादीदी गेल्या, तेव्हापासून तर तो दर काही महिन्यांनी नव्यानं येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मंगेशकर म्हणजे चित्रपटसंगीतातली सगळ्यात मोठी घराणेशाही. वडील नामवंत, म्हणून मुलींना दार उघडं मिळालं. थोरलीनं धाकटीला पुढे आणलं, बहिणींच्या जोरावर भाऊ संगीतकार झाला आणि मग सगळ्यांनी मिळून इतरांची वाट अडवली. चांगलं गाणं ऐकणारे लोकसुद्धा हे खरं मानून पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो आहे.

पहिला मुद्दा वडिलांच्या वैभवाचा. मास्टर दीनानाथ मोठे होते यात वादच नाही. १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बलवंत संगीत मंडळी उभी केली, आणि 'रणदुंदुभी', 'मानापमान', 'संन्यस्त खड्ग' या नाटकांतल्या त्यांच्या पदांवर महाराष्ट्र जीव टाकत होता. पण बोलपट आले आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक बघता बघता तिकडे गेला. दीनानाथांनी सांगलीत स्वतःची चित्रसंस्था काढली, १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला, तो उपक्रमही बुडाला. २४ एप्रिल १९४२ रोजी ते पुण्यात गेले तेव्हा जेमतेम एक्केचाळीस वर्षांचे होते. लता साडेबारा वर्षांची, मीना त्याहून लहान, आशा आठ, उषा सहा आणि हृदयनाथ चार वर्षांचा. घरात पैसा नव्हता, कंपनी नव्हती. उरलं होतं कर्ज आणि पाच मुलं.

गाणं मात्र उरलं होतं, आणि त्याचा उगम नीट पाहिला पाहिजे. दीनानाथांच्या आई येसूबाई मंगेशीच्या, गोव्यातल्या देवळांच्या सेवेत पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्या कलावंत समाजातल्या. माई, म्हणजे मुलांची आई, खानदेशातल्या थाळनेरच्या गुजराती घरातली. तिथल्या आजीकडून दीदींनी गरबे आणि लोकगीतं उचलली होती. वडिलांकडून नाट्यपद आणि ख्याल, एका आजीकडून गोव्याचं गाणं, दुसरीकडून गरबा. हा खराच वारसा होता. फक्त तो कुठल्या निर्मात्याच्या दारात चालणारा नव्हता. त्यासाठी तंबोरा घेऊन बसावंच लागतं, आणि दीदी मुंबईत आल्यावर भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांसमोर बसल्या, त्या याच कारणानं.

दुसरा मुद्दा उघड्या दाराचा. दीदींचं पहिलं ध्वनिमुद्रित गाणं १९४२ सालच्या 'किती हसाल'साठी सदाशिवराव नेवरेकरांनी करून घेतलं, आणि ते चित्रपटातून काढून टाकलं गेलं. वडील गेल्यावर चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी आधार दिला, हे खरं, आणि ते दीनानाथांशी असलेल्या घरोब्यामुळेच. पण आधार म्हणजे काय, तर चित्रपटात छोट्या भूमिका. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभं राहणं त्यांना अजिबात आवडत नसे, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. घर चालवायचं म्हणून त्या ते करत राहिल्या. १९४७ साली मास्टर विनायकही गेले आणि ती ओळखही संपली.

त्यानंतर मुंबईत त्यांच्या बाजूनं उभे राहिले ते संगीतकार गुलाम हैदर. नूरजहाँ, शमशाद बेगम, जोहराबाई अशा भारदस्त आवाजांचा तो काळ. फिल्मिस्तान या चित्रसंस्थेच्या एस. मुखर्जींनी या मुलीचा आवाज फार पातळ म्हणून नाकारला. गुलाम हैदर त्यांना घेऊन लोकलनं मालाडच्या बॉम्बे टॉकीजकडे निघाले, आणि वाटेत सिगारेटच्या डब्यावर ठेका धरून त्यांनी चाल म्हणायला लावली. पुढे 'मजबूर'मधलं 'दिल मेरा तोडा' आलं ते तिथून. असाच लोकलचा एक प्रवास दिलीपकुमारांबरोबरचा. मराठी माणसांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो, असं ते बोलून गेले. दीदींनी मौलवी लावला आणि उर्दू शिकल्या. 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' १९४९चं. सुरुवातीच्या ओळींसाठी त्या माइकपासून लांब उभ्या राहिल्या आणि गात गात पावलापावलानं जवळ आल्या. दुरून आवाज येतो आहे असा भास त्या काळी असाच साधावा लागे. तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं कामिनी, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा केली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. आडनावाच्या जोरावर उभी राहिलेली कारकीर्द तबकडीवर स्वतःच्या नावाशिवाय सुरू होत नाही.

तिसरा मुद्दा आशाताईंचा, आणि तो वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो. दीदींनी त्यांना पुढे आणलं म्हणे! आशाताईंनी कोवळ्या वयात घरच्यांच्या मनाविरुद्ध गणपतराव भोसल्यांशी लग्न केलं आणि माहेरचे संबंध तुटले. नेमक्या त्याच वर्षांत, लहान मुलं सांभाळत, त्या दुय्यम चित्रपटांतली, इतरांनी नको म्हटलेली गाणी गात उभ्या राहिल्या. त्यांना पहिल्या रांगेत आणलं ते ओ. पी. नय्यर यांनी, 'नया दौर'च्या वेळी, १९५७ साली. आणि नय्यर हे असे संगीतकार की ज्यांनी आयुष्यभरात दीदींकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. मग ही शिफारस कुणी केली?

आता हृदयनाथ. बहिणींच्या जोरावर ते संगीतकार झाले असते, तर साठ-सत्तरच्या दशकांत हिंदीतले मोठमोठे चित्रपट त्यांच्या नावावर दिसले असते. या बहिणींचा शब्द टाळणारा निर्माता त्या काळी शोधावा लागला असता. प्रत्यक्षात त्यांचे हिंदी चित्रपट मोजकेच. त्यांनी केलं काय, तर उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे शिकले, ज्ञानेश्वरांच्या विराण्यांना आणि सुरेश भट, आरती प्रभू, ना. धों. महानोर यांच्या कवितांना चाली लावल्या. 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' एकदा गुणगुणून बघा. श्री रागाच्या अंगानं जाणारी ती चाल, त्यातली कोमल रिषभावरून पंचमाकडची झेप, साध्या गळ्याला पेलत नाही. खपाचा विचार करणारा माणूस असली चाल बांधत नाही. आशाताईंनी ती गायली कारण त्या गाऊ शकत होत्या. 'जैत रे जैत' या चित्रपटात रवींद्र साठे यांचा आवाज ठाकर आदिवासींच्या गाण्यांना हृदयनाथांनीच दिला. 'लेकिन'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती.

शेवटचा आरोप मक्तेदारीचा. यात तथ्य आहे आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. तीन दशकं हिंदी चित्रपटांतली बहुतेक महत्त्वाची स्त्रीगीतं लता आणि आशा या दोन आवाजांत वाटली गेली. दीदींच्या शब्दाला वजन होतं, त्यांची नाराजी ओढवून घ्यायला लोक कचरत. सुमन कल्याणपूरांना त्यांच्या योग्यतेइतकं काम मिळालं नाही, असं मलाही वाटतं. पण हे घडलं कसं? तेव्हा पन्नास-पन्नास वादक, मोजके माइक आणि अख्खं गाणं एका दमात. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा सुरुवातीपासून. स्टुडिओचं आणि वादकांचं भाडं निर्मात्याच्या खिशातून. अशा वेळी संगीतकार खात्रीचा गळा मागणारच. आणि मनात आणलं तर संगीतकारांना दुसरे गळे मिळत होते. साठच्या दशकात रॉयल्टीवरून दीदी आणि रफीसाहेबांचं बिनसलं, दोघं काही वर्षं एकत्र गाईनात, तेव्हा रफीसाहेबांबरोबर सुमनताईंनी गायलेली 'ना ना करते प्यार'सारखी युगुलगीतं गाजलीच. वसंत देसाईंनी 'गुड्डी'त वाणी जयरामना 'बोले रे पपीहरा' दिलं. त्यांना पुढे दक्षिणेनं डोक्यावर घेतलं आणि तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मुंबईनं त्यांना जपलं नाही, हा दोष निर्णय घेणाऱ्या सगळ्यांचा आहे.

रॉयल्टीवरच्या त्या भांडणाचं कारण तर या मजकुरात येतच नाही. गायकालाही गाण्याच्या विक्रीत वाटा मिळावा, असं दीदींचं म्हणणं. पैसे घेतले की आपला हक्क संपला, हे रफीसाहेबांचं मत, तेही त्यांच्या स्वभावाला धरूनच. या हट्टापायी दीदींची त्या काळातली कितीतरी युगुलगीतं गेली. फिल्मफेअर सोहळ्यात 'रसिक बलमा' गायला त्यांनी नकार दिला, कारण पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला, आणि मग पार्श्वगायन करणाऱ्या सगळ्यांसाठी राहिला. वाट अडवणारा माणूस अशी भांडणं स्वतःच्या अंगावर घेत नाही.

पुढच्या पिढीबद्दल एवढंच: आशाताईंचा मुलगा हेमंत भोसले, हृदयनाथांची मुलं आदिनाथ आणि राधा यांनी संगीतात काम केलं, पण हिंदीतली ती जागा कुणालाही वारशात मिळाली नाही.

एक दुरुस्ती आपल्या, म्हणजे मंगेशकरांवर प्रेम करणाऱ्यांसाठीही. दीदींनी पंचवीस हजार, कुणी तर पन्नास हजार गाणी गायली, असं आपण पाठवत राहतो. १९७४च्या सुमारास गिनेस बुकात पंचवीस हजारांचा आकडा आला, त्यावर रफीसाहेबांनी आक्षेप घेतला आणि पुढे ती नोंद काढली गेली. चित्रपटागणिक गाणी मोजणाऱ्या अभ्यासकांच्या याद्यांत दीदींची हिंदी चित्रगीतं पाच-सहा हजारांच्या आसपास भरतात. आपण तेवढाच आकडा सांगावा आणि पंचवीस हजारांचा मजकूर पुढे पाठवणं थांबवावं.