वाघिणीच्या पिल्लांची नावं तोंडपाठ, पण…

परवा सकाळच्या सफारीच्या फेरीत मागच्या सीटवरचे दादा-ताई चार तास एकच बोलत होते. अमुक वाघिणीची पिल्लं नेमकी कोणाची, जुन्या नराची की नव्याची? समोरून रानकुत्र्यांची टोळी गेली. कॅमेरा उचलला नाही कोणी.

मी ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या गावचा, अकरा वर्षांपासून गाईड. लोकांचा वाघावर जीव आहे म्हणून माझ्या घरची चूल पेटते, हे मी विसरत नाही. पण हे वेड आता कुठं चाललं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ऑगस्ट 2023 नंतर ताडोबाची नावाजलेली वाघीण माया दिसेनाशी झाली. शिकार झाली, वनखात्यानं लपवलं, दुसऱ्या वाघिणीनं मारलं. ज्याला जे सुचलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. रात्री बारा वाजता मला फोन, "भाऊ, आतली खबर सांगा नं." माझ्याजवळ कुठली आतली खबर? नोव्हेंबरात हाडं सापडली, पुढं डीएनए तपासणीत ती मायाचीच निघाली. जंगलातल्या वाघिणीचं तसं वय झालंच होतं.

याच मायाच्या हल्ल्यात 20 नोव्हेंबर 2021 ला एक वनरक्षक ताई गेल्या. वाघांच्या खाणाखुणा नोंदवायला त्या पायी निघाल्या होत्या, म्हणजे वाघांच्याच कामावर. त्यानंतर आठवडाभरात एका पाहुण्यानं जिप्सीत विचारलं, "आता मायाला पकडून तर नाही नेणार?" ताईंचं नाव त्याला माहीत नव्हतं. मायाच्या पिल्लांची मात्र सगळी माहीत. मी गप्प बसलो. त्याचं मला अजून वाईट वाटते.

31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांची वाट जिप्स्यांनी अडवली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाईड निलंबित झाले. त्यांची चूक होतीच. पण "अजून पुढं घ्या, हेड-ऑन पाहिजे", म्हणजे वाघ थेट समोरून येतानाचा फोटो, हे मागच्या सीटवरून मी रोज ऐकतो.

अन् सगळ्यात जास्त सलते ते हे. चैत्रात आमच्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. आदल्या संध्याकाळी वाघ कुठं होता हे त्यांना कळलं तर जीव वाचते. ती खबर गेटबाहेर येताच पुण्या-मुंबईच्या ग्रुपवर फोटोसकट पोचते. आमच्या मोहल्ल्यात कोणालाच पत्ता नसतो.

पाहुण्यांनो, बफरमध्ये गावाजवळ वाघ दिसला तर ग्रुपवर टाकू नका. आधी तुमच्या गाईडला म्हणा, गावात फोन कर. मी माझ्या गावात लावतोच, तेवढी दोन मिनिटं गाडी थांबू द्या.