तारखा धरून ठेवा म्हणे!

दात घासायच्या आधी मेल बघायची नाही, हे मी मला शंभरदा बजावलंय. तरी आज डोळे उघडल्या उघडल्या फोन हातात, आणि समोर आमच्या संशोधकांच्या कॉन्फरन्सच्या स्टीअरिंग कमिटीची मेल, यजमानपदासाठी मी पाठवलेल्या प्रस्तावावर. सहा आठवडे वाट बघत होते तिची. पहिलीच ओळ: ‘आपला प्रस्ताव अत्यंत सक्षम होता.’ होता. तिथेच कळलं. इतकी वर्षं पेपर रिजेक्ट करून घेतलेत, भूतकाळात कौतुक आलं की पुढे ‘तथापि’ असतो हे पाठ आहे. आलाच तो. तथापि, यजमानपद दुसऱ्या गटाला. बरं. हरायची मला सवय आहे, हरले असते आणि दात घासले असते.

पण खाली आणखी एक परिच्छेद होता. त्या गटाचा करार अजून व्हायचाय, तेव्हा तो होईपर्यंत आपण ‘राखीव यजमान’ म्हणून राहावं आणि सभागृहाच्या तारखा कृपया धरून ठेवाव्यात. कधीपर्यंत? लिहिलेलं नाही. अनामत कोण भरणार? लिहिलेलं नाही. म्हणजे मी बारावा गडी. बाउंड्रीपाशी पाण्याची बाटली घेऊन बसायचं आणि आतला कुणी लंगडतोय का ते बघत राहायचं. आणि शेवटी काय, तर ‘सहकार्याबद्दल आगाऊ आभार’. मराठीत आगाऊ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि इथे दोन्ही चपखल बसतात. समोरच्यानं हो म्हणायच्या आधीच आभार मानून मोकळं व्हायचं, की त्याला नाही म्हणायला तोंडच उरत नाही.

तारखा धरून ठेवा! जशा काही तारखा माझ्या पर्समध्ये आहेत. फॉर्ममध्ये अट होती, सभागृहाचं पक्कं कोटेशन जोडा. सभागृहवाले म्हणाले, कॉन्फरन्स पक्की झाल्याचं पत्र आणा, मग पक्कं कोटेशन देतो. कमिटी म्हणे, पक्कं कोटेशन असेल तरच पत्राचा विचार होईल. या दोघांच्या मधे मी तीन महिने चेंडूसारखी टोलवली गेले. शेवटी तिथल्या मॅनेजरसमोर मी इतकं दीनवाणं तोंड केलं की त्यांनी तीन वर्षांनंतरच्या सप्टेंबरातले पाच दिवस त्यांच्या वहीत पेन्सिलीनं लिहिले. पेन्सिलीनं! त्या पेन्सिलीच्या जोरावर ही मंडळी मला ‘धरून ठेवा’ सांगतायत.

आणि नकाराची कारणं तर वाचण्यासारखी आहेत. एक परीक्षक म्हणतो, सभागृह ६०० जणांसाठी अपुरं. दुसरा म्हणतो, सभागृह गरजेपेक्षा मोठं, रिकाम्या खुर्च्या दिसतील. तिसऱ्यानं लिहिलंय, ‘सोशल प्रोग्रॅममध्ये नावीन्याचा अभाव.’ अहो, दिवसभर पॅरलल सेशन्स, म्हणजे एकाच वेळी निरनिराळ्या खोल्यांत चालणारी भाषणं, ऐकून माणसं अर्धमेली होतात, त्यांना संध्याकाळी खुर्ची हवी असते, नावीन्य नको असतं. १९०० साली पॅरिसच्या गणित काँग्रेसमध्ये हिल्बर्ट या गणितज्ञानं आपले न सुटलेले प्रश्न मांडले, यादी २३ ची, भाषणात त्यातले १० च. पुढे शंभर वर्षं गणिती त्यांवर डोकं फोडत राहिले. त्या काँग्रेसच्या सोशल प्रोग्रॅममध्ये नावीन्य होतं का, हे कुणी विचारतं का आज?

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारा प्रश्न चौथ्या पानावर. ‘कार्बन फूटप्रिंट कमी करण्यासाठी आपण काय कराल?’ त्यावर मी इमानेइतबारे दीड पान लिहिलं, रेल्वे, हायब्रिड म्हणजे काहीजण हॉलमध्ये आणि काहीजण घरून ऑनलाइन, छापील कार्यक्रमपत्रिका बंद, सगळं. आणि पाचव्या पानावर: ‘जवळच्या विमानतळावर किती देशांतून थेट विमानं येतात?’ याला १० गुण. आधीच्याला ५. बरं, हायब्रिडमध्ये घरी बसलेल्याला ‘समान अनुभव’ मिळाला पाहिजे, फी मात्र त्याची निम्म्याहून कमी. ऑनलाइन प्रक्षेपणाला वेगळी माणसं, वेगळे कॅमेरे लागतात, हे बजेटमध्ये दाखवलं की लगेच शेरा: ‘खर्च जास्त वाटतो.’

बजेटवरून आठवलं. त्यांची एक्सेल शीट. अर्धे सेल कुलूपबंद. मी आकस्मिक खर्चासाठी १० टक्के धरले होते, शीट आपोआप १५ करते आणि मग तीच शीट लाल अक्षरांत सांगते की रजिस्ट्रेशन फी मर्यादेबाहेर गेली. फी कमी केली की ना नफा ना तोटा गाठायला ४३० ऐवजी ५१० माणसं लागतात. तितकी येतील कशावरून, हेही वर मलाच विचारणार. हॉटेलांचं तर निराळंच. धरलेल्या खोल्यांतल्या ८० टक्के भरल्या नाहीत तर कमी पडलेल्यांचे पैसे यजमानानं भरायचे. आमच्या डीनसरांनी हमीपत्रातलं ‘तोटा झाल्यास संस्था सोसेल’ हे वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, ‘हे वाक्य असायलाच हवं का?’ त्या सहीसाठी मी नऊ दिवस त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर काढले.

सही-शिक्क्यासह ते पत्र स्कॅन केलं तर फाइल ११ एमबी. पोर्टल घेतं ५. कमी केली तर शिक्का वाचता येईना. आणि डेडलाइन ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे. त्या वेळेच्या पट्ट्यात बेकर आणि हाउलंड अशी दोन बेटं आहेत, दोन्ही निर्मनुष्य. पोर्टल बनवणारे तिथलेच रहिवासी असावेत.

संशोधनाची पोस्टरं लावायच्या बोर्डाचं सांगितलंच नाही. पोस्टर ए-झीरो, उभं, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. फॉर्ममध्ये बोर्डाची ‘प्रत्यक्ष मोजलेली’ उंची मागितली होती. कोण मोजणार? मीच. मोजपट्टी घेऊन त्या हॉलच्या फरशीवर गुडघे टेकून बसले. एक टोक वरच्या पट्टीत अडकवावं तर ते दरवेळी सटकून थाडकन हातावर आपटायचं. वॉचमन दारातून बघत होता. शेवटी त्यानं येऊन टोक धरलं. बोर्ड भरला १०० सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक पोस्टर खाली १९ सेंटिमीटर लोंबणार. आणि निष्कर्ष नेमके तिथेच असतात. तसे ते कोण वाचतं म्हणा. पण मी प्रामाणिकपणे १०० लिहिलं. आलाय शेरा: ‘पोस्टर बोर्ड अपुरे.’

आता खरं सांगते, कारण बाकी सगळं सांगून झालंय. हे कुणी माझ्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. मागच्या कॉन्फरन्सच्या समारोपाला अध्यक्षांनी विचारलं, पुढच्यासाठी कोण इच्छुक? हॉलमध्ये इतकी शांतता की मलाच कसंतरी झालं, आणि हात वर गेला. शेजारची मैत्रीण माझी बाही ओढत होती. आणि त्याच्याही आधी दोन वर्षं मी स्वतः अशाच एका निवड समितीवर होते. तेव्हा एका बिचाऱ्या गटाच्या प्रस्तावावर मी लिहिलं होतं, ‘दोन हॉलमधलं अंतर गैरसोयीचं.’ अंतर चार मिनिटांचं होतं. मी नकाशावर मोजलं होतं, घरी बसून, पाय वर घेऊन. त्या माणसानं मला तेव्हा काय काय म्हटलं असेल, ते आज मला शब्दशः ऐकू आलं.

कमिटीला उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा दोन पानी आणि छापण्यालायक नव्हता. दुसऱ्यात विचारलं, अनामत कोण भरणार, मुदत काय. तिसऱ्यात निवडलेल्या गटाला शुभेच्छा दिल्या, मग वाचताना शुभेच्छा खोडल्या. एकही पाठवला नाही.

दुपारी सभागृहाच्या मॅनेजरना फोन लावला. मी ‘नमस्कार, त्या तारखांचं जरा...’ इतकंच म्हणाले. ते म्हणाले, ‘मॅडम, वाढवायच्या ना? तीस तारखेपर्यंत ठेवतो. पेन्सिलच आहे.’

मी थँक्यू म्हणाले. मोजपट्टी अजून पर्समध्येच आहे.